स्वस्तिक, हाकेनक्रॉइत्स आणि आपला उंबरठा

दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात मेलबर्नमधल्या आपल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांवर तीन प्रश्न ठरलेले असतात. चकलीची तयार भाजणी कुठल्या दुकानात आली आहे? आकाशकंदिलासाठी खिळा ठोकला तर घरमालक बाँडमधून पैसे कापेल का? आणि दारात स्वस्तिक काढलं तर चालेल का?

पहिल्या दोन प्रश्नांना पाच मिनिटांत पंधरा उत्तरं येतात. तिसऱ्यावर मात्र गटाचे दोन तट पडतात. एक तट म्हणतो, "कशाला उगाच डोक्याला ताप? कमळ काढा, पणती काढा, रांगोळीत का कमी नक्षी आहेत?" दुसरा म्हणतो, "आपलं हजारो वर्षांचं मंगलचिन्ह आपण का लपवायचं? चूक त्यांची, शिक्षा आपल्याला?" मग कोणीतरी अर्धवट माहिती पाठवतं, "इथे त्यावर बंदी आली आहे, बावीस हजार डॉलर दंड आहे." आणि नवी गाडी घेऊन बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलेल्या एखाद्या नवऱ्याची झोप उडते.

म्हणून यंदाच्या या सदरात हाच विषय घेते आहे. कायदा काय म्हणतो ते सांगतेच. पण हा कायदा मुळात आपल्यासाठी केलेला नाही, आणि तो ज्यांच्यासाठी केला त्यांच्याविषयी आपल्या गटांवर कधी एक ओळही येत नाही, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

कायदा का आला

जानेवारी 2020 मध्ये व्हिक्टोरियाच्या वायव्येकडच्या ब्यूला नावाच्या छोट्या गावात एका घरावर नाझी झेंडा फडकत होता. लाल कापड, मध्ये पांढरं वर्तुळ, त्यात तिरकं काळं चिन्ह. लोकांनी तक्रार केली, पण तो झेंडा सक्तीने उतरवण्याचा अधिकार देणारा कायदाच राज्यात नव्हता. स्वतःच्या घरावर कुठला झेंडा लावायचा तो ज्याचा त्याचा प्रश्न, असा मामला. झेंडा पुढे उतरला, पण लोकांच्या दबावाने.

मेलबर्नमध्ये ही गोष्ट फार लागली, आणि त्याला कारण आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातल्या छळछावण्यांतून जिवंत सुटलेले हजारो ज्यू या शहरात येऊन स्थायिक झाले. कॉलफील्ड, सेंट किल्डा ईस्ट, रिपनली, एल्स्टर्नविक या उपनगरांत त्यांची मुलं-नातवंडं राहतात. 1984 मध्ये त्याच पिढीने एल्स्टर्नविकला होलोकॉस्टचं संग्रहालय उभं केलं, आणि तिथे येणाऱ्या शाळकरी मुलांना स्वतःच्या तोंडाने हकीकत सांगितली.

मार्च 2021 मध्ये राज्याच्या संसदीय समितीने द्वेष पसरवण्याविरुद्धच्या कायद्यांची पाहणी करून अहवाल दिला. नाझी चिन्हांचं जाहीर प्रदर्शन हा गुन्हा ठरवावा, अशी शिफारस त्यात होती. जून 2022 मध्ये विधेयक मंजूर झालं आणि असा कायदा करणारं व्हिक्टोरिया हे ऑस्ट्रेलियातलं पहिलं राज्य ठरलं. ऑगस्टमध्ये न्यू साउथ वेल्सने तसाच कायदा केला. जानेवारी 2024 पासून देशपातळीवरही बंदी लागू झाली.

व्हिक्टोरियाचा कायदा मंजूर झाला तरी अमलात आला तो सहा महिन्यांनी, 29 डिसेंबर 2022 रोजी. मधला वेळ मुद्दाम ठेवला होता. हिंदू, बौद्ध आणि जैन परंपरेत स्वस्तिकाचा अर्थ काय, हे पोलिसांना आणि सामान्य लोकांना समजावं म्हणून. सरकारने तिन्ही धर्मांच्या संस्थांशी चर्चा केल्या होत्या. जी सूट आपल्याला मिळाली, ती कायद्याच्या मजकुरातच लिहिलेली आहे. दारातली रांगोळी, देवघर, गाडीची पूजा, दुकानाच्या वहीवरचं चिन्ह, लग्नपत्रिका, यांतलं काहीही गुन्हा नाही. बारा महिन्यांची कैद किंवा दंड (2022 मध्ये तो जवळपास बावीस हजार डॉलर होता), किंवा दोन्ही, ही शिक्षा नाझी चिन्ह समजून-उमजून चारचौघांत दाखवणाऱ्यासाठी आहे. तेव्हा बॉनेटवाल्या भावजींनी निश्चिंत झोपावं.

नावात काय आहे

जर्मन भाषेत त्या चिन्हाला कधीच स्वस्तिक म्हणत नव्हते. त्यांचा शब्द हाकेनक्रॉइत्स, म्हणजे आकड्यांचा क्रूस. इंग्रजीने त्याला आपला संस्कृत शब्द चिकटवला आणि तो जगभर पसरला. इथल्या कायद्यांनी हाकेनक्रॉइत्स हा शब्द वापरात आणला, ही आपल्यासाठी लहान गोष्ट नाही. तुमच्या मुलाला शाळेत कोणी विचारलं, "तुमच्या घरी स्वस्तिक का असतं?" तर त्याच्याजवळ दोन वेगळ्या गोष्टींसाठी दोन वेगळे शब्द आहेत.

एक गैरसमज मात्र काढून टाकू या. "त्यांचं उलटं असतं, आपलं सुलटं" असं आपण मुलांना सांगतो. ते बरोबर नाही. नाझींचं चिन्ह बहुतेक वेळा तिरकं उभं केलेलं असतं, पण त्याच्या भुजा आपल्या नेहमीच्या स्वस्तिकासारख्याच उजवीकडे वळतात. आणि डावीकडे वळणारं स्वस्तिक बौद्ध व इतर परंपरांत पवित्र मानलं जातं. भुजा कुठे वळल्या यावरून काही ठरत नाही. कोणी, कुठे, कशासाठी काढलं, यावर ठरतं. कायदाही तेच पाहतो.

ही सूट मिळवताना ज्यू समाजाने विरोध केला असेल, असं आपल्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं. उलट आहे. 2008 च्या फेब्रुवारीत जेरुसलेमला हिंदू आणि ज्यू धर्मगुरूंची बैठक झाली होती. स्वस्तिक हे हिंदूंचं प्राचीन मंगलचिन्ह आहे आणि नाझींनी त्याचा गैरवापर केला, हे तिथल्या संयुक्त जाहीरनाम्यात स्पष्ट लिहिलं गेलं. ज्यांच्या घरची माणसं त्या आकाराच्या झेंड्याखाली मारली गेली, त्यांनी हे मान्य करणं किती जड गेलं असेल, याचा क्षणभर विचार करा. त्यांनी आपलं ऐकून घेतलं.

मग आपण त्यांचं काय ऐकलं?

आपल्या गप्पांत ज्यूंचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं, "आपल्याकडे ज्यूंना कधी त्रास झाला नाही." ते बऱ्याच अंशी खरं आहे आणि अभिमान वाटण्यासारखंही आहे. कोकणातले बेने इस्राएली तेल गाळायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून त्यांना 'शनवार तेली' म्हणत. केहीमकर, दिवेकर, चेऊलकर ही त्यांची आडनावं आपल्यासारखीच, गावावरून पडलेली. ते मराठीतून कीर्तनं करत. 1796 साली मुंबईत त्यांचं पहिलं सिनेगॉग उभं राहिलं, आणि पुण्याचं लाल देऊळ रिक्षावाल्यालाही माहीत असतं. बहुतेक मंडळी पुढे इस्रायलला गेली, पण तिथेही 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक काढलं. तेही आपल्यासारखेच परदेशातले मराठी.

पण याच महाराष्ट्रात 2006 साली नवी मुंबईत एका उपाहारगृहाला हिटलरचं नाव दिलं गेलं होतं. ज्यू समाजाने निषेध केल्यावर ते बदललं. पदपथावरच्या पुस्तकांच्या ढिगांत हिटलरचं आत्मचरित्र आजही व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांशेजारी मिळतं. मी साताऱ्याला इतिहास शिकवत होते तेव्हा आमच्या गणिताच्या सरांना मुलं 'हिटलर' म्हणत. सरांनाही ते आवडे. त्यात कोणाच्या मनात द्वेष नव्हता. द्वेष नव्हता, तशी माहितीही नव्हती. साठ लाख हा आकडा मुलांना परीक्षेपुरता पाठ असे. आणि 2008 च्या नोव्हेंबरात कुलाब्याच्या नरीमन हाउसमध्ये माणसं ज्यू म्हणून मारली गेली, तेव्हा आपलं अंगण यापासून लांब आहे असं म्हणायची सोय उरली नाही.

इथे तर आता ते अगदीच लांब नाही. ऑस्ट्रेलियातल्या ज्यू संस्थांची शिखर परिषद दरवर्षी ज्यूद्वेषाच्या घटना मोजते. सप्टेंबर 2023 ला संपलेल्या वर्षात त्या 495 होत्या. पुढच्या वर्षी 2,062. शिवीगाळ, धमक्या, भिंतींवरचं लिखाण, मारहाण, तोडफोड, सगळं त्यात आलं. 6 डिसेंबर 2024 च्या पहाटे रिपनलीचं अदास इस्राएल सिनेगॉग पेटवून दिलं गेलं. आत माणसं होती, ती वाचली. 4 जुलै 2025 रोजी, शुक्रवारी रात्री, ईस्ट मेलबर्नच्या सिनेगॉगचं दार पेटवलं, तेव्हा वीसेक जण आत जेवत होते. आपण दिवाळीला सगळे मिळून एखाद्या हॉलमध्ये फराळ करत बसलो आहोत आणि बाहेरून कोणी दाराला काडी लावली, असं समजा.

सरकारने काय केलं, आणि कुठे ते पुरलं नाही

बंदीचा कायदा आल्यावर तीन महिन्यांत त्याची मर्यादा दिसली. 18 मार्च 2023 रोजी व्हिक्टोरियाच्या संसदेच्या पायऱ्यांवर काही नवनाझींनी हात उंचावून नाझी सलामी दिली. चिन्हावर बंदी होती, हाताच्या खुणेवर नव्हती. त्या ऑक्टोबरात कायदा बदलून सलामीवरही बंदी आली. ती लागू होऊन आठवडाही झाला नव्हता तेव्हा एकाने मेलबर्नच्या न्यायालयाबाहेर पत्रकारांसमोर तीच सलामी दिली. 2024 मध्ये त्याला दोषी ठरवून एक महिन्याची कैद सुनावण्यात आली.

जुलै 2024 मध्ये केंद्र सरकारने ज्यूद्वेषाला आळा घालण्यासाठी जिलियन सीगल यांची विशेष दूत म्हणून नेमणूक केली. त्याच वर्षी इस्लामद्वेषाविरुद्ध आफताब मलिक यांनाही तसंच पद दिलं. अदासच्या आगीनंतर फेडरल पोलिसांचं खास पथक तयार झालं. ऑगस्ट 2025 मध्ये पंतप्रधानांनी सांगितलं की त्या आगीमागे इराणचा हात असल्याचा गुप्तचर खात्याचा निष्कर्ष आहे, आणि इराणच्या राजदूताला देश सोडायला सांगितलं. म्हणजे हा प्रश्न काही माथेफिरू पोरांपुरता राहिलेला नाही.

सीगल यांनी जुलै 2025 मध्ये आराखडा मांडला. ज्यूद्वेष म्हणजे नक्की काय, याची 2016 ची एक आंतरराष्ट्रीय व्याख्या सगळीकडे वापरावी, विद्यापीठांचं या बाबतीत मूल्यमापन करावं, जी कुचराई करतील त्यांचा निधी रोखता यावा, अशा शिफारशी त्यात आहेत. त्यावर मोठा वाद झाला. इस्रायल सरकारवर टीका करणाऱ्यांची तोंडं या व्याख्येने बंद होतील, असं अनेकांचं म्हणणं आहे, आणि त्यांत काही ज्यू मंडळीही आहेत. दुसरे म्हणतात, व्याख्याच नसेल तर प्रत्येक वेळी "आम्ही फक्त राजकारण बोलत होतो" ही पळवाट उरते. दोन्ही बाजूंच्या बोलण्यात तथ्य आहे, असं मला वाटतं. गाझामधल्या मुलांचे फोटो पाहून ज्याच्या पोटात कालवत नाही तो माणूस कसला? पण तिथल्या युद्धाचा जाब कॉलफील्डच्या बेकरीवाल्याला विचारणं हा निषेध नव्हे. भारतातल्या एखाद्या निर्णयाबद्दल कोणी तुमच्या मुलाला शाळेच्या बसमध्ये धारेवर धरलं, तर आपण काय म्हणू? तेच इथेही लागू.

बाकावरचं चिन्ह

या सगळ्यात मला, शिक्षिकेला, सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट संसदेतली नाही, शाळेतली आहे. मेलबर्नच्या एका सरकारी माध्यमिक शाळेतल्या पाच माजी ज्यू विद्यार्थ्यांनी राज्य सरकारवर दावा लावला होता. शाळेच्या भिंतींवर, बाकांवर, वह्यांवर हाकेनक्रॉइत्स काढलेले असत. येता-जाता टोमणे, नाझी सलाम्या. सांगूनही शाळेने पुरेसं काही केलं नाही, ही त्यांची तक्रार. सप्टेंबर 2023 मध्ये फेडरल न्यायालयाने निकाल त्यांच्या बाजूने दिला आणि चार लाख डॉलरांहून जास्त भरपाई द्यायला सांगितली.

वर्गात शिकवलेल्या कुणालाही कळेल, बाकावर काय कोरलेलं असतं ते शिक्षकाला दिसतं. तिथे कर्कटकाने बदाम कोरतात, नावं कोरतात, शिव्या कोरतात. सगळं पुसत बसलं तर तास संपेल. पण यातलं एक चिन्ह असं असतं की ते पाहून वर्गातल्या तीस मुलांतलं एकच मूल मान खाली घालतं. ते एक मूल दिसणं, हे शिक्षकाचं काम. त्यासाठी ना पोलीस उपयोगी पडतात, ना दंड.

व्हिक्टोरियाने 2020 मध्येच ठरवलं की सरकारी शाळांत नववी-दहावीला होलोकॉस्ट शिकवायलाच हवा. चांगला निर्णय आहे. पण चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाने तोवर फोनवर कायकाय पाहिलेलं असतं! विनोद म्हणून फिरणारी चित्रं, हिटलरच्या आवाजातली गाणी. धडा नववीत येतो आणि विनोद चौथीत. मधली पाच वर्षं घराची आहेत.

गेल्या वर्षी सासूबाई दिवाळीला इथे होत्या. त्यांनी दारात रांगोळी काढायला घेतली आणि मला विचारलं, "अगं, काढू ना गं स्वस्तिक? परवा त्या जोशीबाई काहीतरी सांगत होत्या." मी म्हटलं, "काढा आई, कायद्याने पूर्ण मुभा आहे." पण मग त्यांनी विचारलं, "मुभा आहे ते ठीक. पण समोरून कोणी जाईल त्याला भीती वाटेल का?" त्यांचं शिक्षण सातवीपर्यंत. कायद्याची पन्नास पानं वाचून मला जो प्रश्न पडला नव्हता, तो त्यांनी रांगोळीची चिमूट हातात धरून विचारला. आम्ही स्वस्तिक काढलं. शेजारी पणत्या ठेवल्या, लेकीने इंग्रजीत 'हॅपी दिवाली' लिहिलं, आणि दोन्ही बाजूंच्या घरी फराळाचं ताट देताना तिनेच ते चिन्ह काय आहे ते सांगितलं. कोणी सक्ती केली म्हणून नव्हे. सांगितल्याने आपलं काही कमी होत नाही.

आपल्याला करता येण्यासारखं

मंडळाच्या सभासदांना माझ्या चार सूचना. एक, स्वस्तिक बिनधास्त काढा, पण "आमचा हक्क आहे" या आवेशाने नको. विचारणाऱ्याला राग न धरता समजावून सांगा. समोरच्याच्या आजीचं काय झालं ते आपल्याला माहीत नसतं.

दोन, व्हॉट्सॲपवर हिटलरची शिस्त, हिटलरचं देशप्रेम असले 'सुविचार' आले की पुढे ढकलू नका. पाठवणारे काका वयाने मोठे असले तरी "काका, हे बरोबर नाही" एवढं नम्रपणे लिहिता येतं. आपली मुलं त्याच फोनवर डोकावतात.

तीन, शाळेत ज्यू मुलाला कोणी काही बोललं, किंवा बाकावर तसं काही दिसलं, तर "आपण त्यात पडू नये" हे मुलांना शिकवू नका. आज त्याच्यावर आहे, उद्या डब्यातल्या वासावरून आपल्यावर येणार आहे. एप्रिल 2025 मध्ये व्हिक्टोरियाने द्वेषविरोधी कायदा आणखी कडक केला. तो ज्यूंइतकाच आपल्यालाही संरक्षण देतो. त्यासाठी तीच माणसं वर्षानुवर्षं सरकारदरबारी चपला झिजवत होती.

चार, एल्स्टर्नविकच्या संग्रहालयाला मंडळाची एक सहल न्यावी, असं मी कार्यकारिणीला सुचवलं आहे. नव्या इमारतीसह ते 2023 मध्ये पुन्हा उघडलं. जानेवारीच्या सुट्टीत आपण दरवर्षी ग्रेट ओशन रोडला जातो. समुद्र कुठे जात नाही. पण छावणीतून वाचलेली पिढी आता नव्वदीच्या पुढे आहे. त्यांच्यातल्या कोणाच्या तोंडून ऐकायला मिळण्याचे दिवस थोडे उरलेत. मोठ्या मुलांना घेऊन या. ज्यांना यायचं आहे त्यांनी दिवाळी संमेलनात माझ्याकडे नाव द्यावं. पंचवीस जण झाले की मी तारीख ठरवते.